मृगाआधी गावातच उभे राहू शकणारे व्यवसाय : मराठवाड्यासाठी उन्हाळी कृषी सल्ला

रब्बीची ज्वारी व हरभरा खळ्यावरून घरात आला आहे, ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गावाकडे परतू लागली आहेत आणि मृग नक्षत्र लागायला अजून अवकाश आहे. कोरडवाहू मराठवाड्यात चैत्र-वैशाखाच्या या दिवसांत अनेक घरांत हाताला पुरेसे काम नसते, आणि याच काळात बियाणे, बीजप्रक्रियेची (पेरणीआधी बियाण्याला चोळायची) औषधे व खते यांच्यासाठी गावातला बराच पैसा तालुक्याच्या दुकानांकडे वळतो. म्हणून नव्या व्यवसायाची कल्पना शोधणाऱ्यांनी मोठ्या शहरात काय खपते हे पाहण्याआधी आपले गाव दर जूनमध्ये काय विकत आणते आणि दर फेब्रुवारी-मार्चमध्ये काय कच्चेच विकून टाकते, याची यादी करावी. दुसरी कसोटी पाण्याची आहे. एप्रिल-मेमध्ये ज्या गावाला टँकर लागतो, तेथे भरपूर पाणी मागणारा जोडधंदा कागदावर कितीही फायद्याचा दिसला तरी तो सुरू करू नये. पुढे सुचवलेल्या कामांना पाणी फारच थोडे लागते.

पहिले आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे काम सोयाबीनच्या बियाण्याचे आहे. २०२० च्या खरिपात बियाणे न उगवल्याच्या तक्रारी मराठवाड्यात मोठ्या प्रमाणावर झाल्या आणि अनेक शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली, हे आपण विसरलेलो नाही. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक असल्यामुळे सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचे बियाणे एकदा खात्रीचे आणले की पुढील दोन-तीन वर्षे घरचे बियाणे वापरता येते. संकरित वाणांना मात्र हे लागू नाही, म्हणून संकरित कपाशीची सरकी पुन्हा पेरण्याचा विचारही करू नये. हेक्टरी ७५ किलो बियाणे धरले, तर ४०० हेक्टर सोयाबीन असलेल्या गावाला ३०० क्विंटल बियाणे लागते. त्यातले निम्मे जरी गावातच निवडून, तपासून तयार झाले, तरी आडतीवरचा भाव आणि बियाण्याच्या पिशवीचा भाव यांतली तफावत गावातच राहील.

ज्यांनी गेल्या हंगामातील सोयाबीन घरी राखून ठेवले आहे किंवा ज्यांचे उन्हाळी सोयाबीन आता निघते आहे, त्यांनी प्रथम तो माल बियाण्याच्या योग्यतेचा आहे का, हे प्रामाणिकपणे पाहावे. काढणीच्या वेळी पावसात भिजलेला, दोन वाण एकत्र झालेला किंवा मळणीयंत्राच्या जास्त वेगामुळे डाळ पडलेला माल बियाण्यासाठी घेऊ नये. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते आणि अंकुर त्याच्या लगेच खाली असतो. त्यामुळे पोते उंचावरून आपटले तरी उगवणशक्ती कमी होते. पोती लाकडी फळ्यांवर ठेवावीत, एकावर एक सातपेक्षा जास्त रचू नयेत, तापलेल्या पत्र्याखाली किंवा खताच्या गोण्यांशेजारी ठेवू नयेत आणि प्लॅस्टिकच्या बंद पिशव्या टाळाव्यात. साठवणुकीत दाण्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. निवडीसाठी स्पायरल सेपरेटर हे साधे यंत्र पुरेसे होते. ते विजेशिवाय चालते, कारण गोल व भरलेला दाणा उतारावरून वेगाने बाहेरच्या कडेला जातो आणि चपटा, फुटका दाणा आत राहतो. असे एक यंत्र बचत गटाने घेऊन गावभर भाड्याने दिले, तर ते प्रत्येकाने विकत घेण्याची गरज राहत नाही.

याला जोडून उगवणशक्ती तपासून देण्याची सेवा गावातील शिकलेल्या मुलामुलींनी सुरू करावी, असा माझा आग्रह आहे. ओल्या गोणपाटावर १०० दाणे १० ओळींत मांडावेत, त्यावर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी आणि ती सावलीत ठेवून ओल टिकवावी. सहा-सात दिवसांनी निरोगी कोंब आलेले दाणे मोजावेत. एकाच पोत्यातील १०० दाण्यांवर विसंबून न राहता निरनिराळ्या पोत्यांतील चार नमुन्यांची सरासरी काढावी. ती ७० टक्के किंवा अधिक असेल तर शिफारशीप्रमाणे हेक्टरी ७५ किलो बियाणे पुरते. ६५ टक्के असेल तर सुमारे ८१ किलो आणि ६० टक्के असेल तर सुमारे ८७ किलो पेरावे लागते. त्याहून खाली गेलेला माल बाजारात धान्य म्हणून विकावा. याच मुलांनी पेरणीच्या दिवसांत बीजप्रक्रियेचा ड्रम घेऊन बांधापर्यंत जाण्याचे काम अंगावर घेतले, तर वेळ नाही म्हणून बीजप्रक्रिया टाळणारी घरेही ती करून घेतील. क्रम मात्र चुकवू नये : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी, पेरणीच्या अगदी आधी, रायझोबियमसारखे जिवाणू खत. भुकटीच्या स्वरूपातील जिवाणू खत दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम चोळून बियाणे सावलीत सुकवावे. हे करताना हातमोजे वापरावेत आणि प्रक्रिया केलेले बियाणे जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये.

कायद्याची बाजूही नीट समजून घ्यावी. पिकांच्या वाणांचे संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतात तयार झालेले बियाणे जतन करण्याचा, देवघेव करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. मात्र ते मार्का लावलेले बियाणे म्हणून विकता येत नाही. पिशवीवर नाव छापून दुकानातून विक्री करायची असेल, तर कृषी विभागाचा परवाना घ्यावाच लागतो. ज्या गटांना याच दिशेने मोठे व्हायचे आहे, त्यांनी महाबीजच्या (महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळाच्या) बीजोत्पादन कार्यक्रमाची चौकशी आताच करावी आणि मूळ बियाण्यासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाशी संपर्क साधावा. एमएयूएस ७१, एमएयूएस १५८, एमएयूएस ६१२ हे या विद्यापीठाचे वाण आपल्या हवामानात रुजलेले आहेत.

दुसरी कल्पना बांधावरच्या कडुनिंबाची आहे. आपल्याकडे निंबोळ्या पिकून गळतात त्या साधारण जूनमध्ये, म्हणजे पेरणीच्या धांदलीत, आणि म्हणूनच त्या मातीत मिसळून जातात. पुढे सोयाबीनवरील चक्रभुंगा, पाने खाणाऱ्या अळ्या किंवा कपाशीवरील रसशोषक किडी दिसू लागल्या की तोच शेतकरी दुकानातून तयार निंबोळी अर्क आणतो. पाच टक्के अर्कासाठी ५ किलो निंबोळीचा भरडा रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, गाळून, त्याचे १०० लिटर द्रावण करावे लागते. हेक्टरी ५०० लिटर फवारणी धरली, तर एका फवारणीला २५ किलो आणि ४० हेक्टरला १० क्विंटल निंबोळी लागते. हे काम पेरणीला न जाणाऱ्या वृद्धांकडे व महिलांच्या गटाकडे द्यावे आणि झाडाखालची जागा मे अखेरीस झाडून ठेवावी. पिवळ्या निंबोळ्या गोळा करून, पाण्यात चोळून गर काढावा आणि बिया सावलीतच वाळवाव्यात, कारण कडक उन्हाने त्यातील कीडरोधक घटक कमी होतो. ओल राहिली तर बुरशी येते. साठवण गोणपाटाच्या पोत्यात करावी. गटाने भरडा विकावा, अर्क विकू नये. अर्क टिकत नाही, तो केला त्याच दिवशी फवारावा लागतो.

तुरीबाबत थोडे सावधपणे लिहितो. एक क्विंटल तुरीपासून लहान गिरणीत साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते, चुनी (डाळीचा चुरा) व टरफल जनावरांना जाते, आणि तरीही तूर पिकवणारे घर वर्षभर डाळ दुकानातून घेते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल गावपातळीवर चालवता येते. डाळ करण्याआधी तुरीला तेल-पाणी लावून उन्हात वाळवावे लागते, त्यामुळे आताचे कोरडे ऊन या कामाला सोयीचे आहे. परंतु पहिल्या वर्षी तूर विकत घेऊन डाळीचा साठा करू नये. लातूरच्या बाजारात भाव उतरला की गटाचे भांडवल अडकते. लोकांची तूर मजुरीवर भरडून द्यावी, गिऱ्हाईक बांधावे, मगच स्वतःची डाळ विकण्याकडे वळावे. लातूर जिल्ह्यातील बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. स्थानिक चवीला किंमत येऊ शकते, याचा तो पुरावा आहे. त्याच जिल्ह्यातील पानचिंचोलीच्या चिंचेलाही मानांकन आहे, आणि चिंचेचा हंगाम आता संपतच आला असल्याने एवढेच सांगतो की झाडे ठोक्याने देऊन टाकण्याआधी फोडलेल्या चिंचेचा व चिंचोक्याचा भाव स्वतंत्रपणे विचारावा.

या कल्पना एकाच घराने दडवून ठेवण्यासारख्या नाहीत, तशाच त्या सगळ्यांनी एकदम सुरू करण्यासारख्याही नाहीत. एका गावात तीन डाळ मिल झाल्या तर तिघांनाही काम पुरणार नाही. त्यामुळे १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, गेल्या जूनमध्ये गावाने काय आणले व कोणत्या भावाने आणले, हे शेतकऱ्यांनी आपापल्या पावत्यांवरून सांगावे आणि कोणता गट कोणते काम करील, हे तेथेच ठरवावे. अनुदानासाठी सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) योजनेची सध्याची स्थिती विचारावी, पण अनुदान मिळाले तरच धंदा चालेल असे गणित असल्यास तो धंदा करू नये. परत खरेदीची हमी देऊन महागडी रोपे, पिल्ले किंवा यंत्रे गळ्यात मारणाऱ्यांना लेखी करार व पूर्वीच्या ग्राहकांचे पत्ते मागावेत, आणि त्या ग्राहकांकडे प्रत्यक्ष जाऊन यावे.

बियाण्याचा व्यवहार शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला असला तरी तो तोंडी ठेवू नये. वाणाचे नाव, चाचणीची तारीख व उगवणीची टक्केवारी चिठ्ठीवर लिहून ती देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सहीनिशी पोत्यात घालावी, आणि त्याच पोत्यातील एक किलो दाणे कापडी पिशवीत बांधून पीक निघेपर्यंत दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्या घरी जपून ठेवावेत.