डॅफ्नियावर पाण्यातले धातू तपासताय? या चुका टाळा

पाण्यात तांबं, कॅडमियम, झिंक किती विरघळलंय हे यंत्र सांगतं. त्यातलं जिवाला किती बाधतं हे डॅफ्निया, म्हणजे गोड्या पाण्यातली इवलीशी पाणपिसूच, सांगते. मात्र तिला आपण नेमकं कुठल्या पाण्यात सोडतोय, हे आधी बघायला हवं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे आम्ल घातलेला नमुना. एका विद्यार्थ्याने इलेक्ट्रोप्लेटिंगच्या कारखान्यांमागच्या नाल्याचं पाणी आणलं होतं. बघता बघता सगळ्या डॅफ्निया बीकरच्या तळाशी गेल्या आणि त्याने अहवालात ‘अतिविषारी’ लिहूनही टाकलं. मी पीएच पट्टी बुडवली, तर २ च्याही खाली! बाटलीच्या लेबलवर कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ‘नायट्रिक’. धातू बाटलीच्या भिंतीला चिकटू नयेत म्हणून यंत्राच्या नमुन्यात आम्ल घालतात, त्यातलीच ही बाटली. मग कॉस्टिक सोडा घालून पीएच ७ वर आणू का, असं त्याने विचारलं. मुळीच नाही. आम्लाने गाळाच्या कणांवरचा धातू सुटून पाण्यात आलेला असतो, कॉस्टिकने काही धातू साका होऊन खाली बसतो, वर क्षार वाढतात. ते नाल्याचं पाणी राहतच नाही. पुन्हा जाऊन नवा नमुना आणायचा, दुसरा उपाय नाही. मी जागेवरच दोन बाटल्या भरते आणि आम्लाच्या बाटलीला लाल चिकटपट्टी लावते.

दुसरी चूक उलट्या बाजूची. एम४ किंवा एम७ मिडियममध्ये, म्हणजे डॅफ्नियासाठी बनवलेल्या ठरावीक पाण्यात, ईडीटीए नावाचं रसायन असतं. ते धातूला धरून ठेवतं, डॅफ्निया मजेत पोहत राहतात आणि घाईत असलेला माणूस ‘पाणी सुरक्षित’ लिहून मोकळा होतो. धातूंच्या चाचणीत हे मिडियम नकोच.

बाकीचं थोडक्यात. डॅफ्नियाची पिल्लं २४ तासांच्या आतलीच घ्या. ४८ तास खाऊ घालू नका. त्यांचं खाणं म्हणजे शेवाळ, ते धातू शोषून घेतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन हवा सोडून घालवा. क्लोरीन मारणाऱ्या थायोसल्फेटचा शॉर्टकट मला मान्य नाही, ते तांब्यालाही धरतं. निकालाशेजारी हार्डनेस (पाण्याचा जडपणा) लिहा, जड पाण्यात तेच तांबं कमी बाधतं. बीकर हलकेच हलवून १५ सेकंद थांबा, मगच ‘हालचाल बंद’ मोजा. कंट्रोलमध्ये, म्हणजे नमुना न घातलेल्या स्वच्छ पाण्याच्या बीकरमध्ये, १० टक्क्यांहून जास्त पिल्लं निपचित पडली, तर ती चाचणी रद्द.

आणि डॅफ्निया मेल्या म्हणजे धातूच, असं परस्पर ठरवू नका. कीटकनाशकानेही मरतात. अशा वेळी मी त्याच पाण्याच्या दुसऱ्या बीकरमध्ये मुद्दाम थोडं ईडीटीए घालते. तिथे पिल्लं तगली, तर संशय धातूवर.