डोक्याला सौम्य मार लागल्यानंतर स्मरणशक्तीची चाचणी घेताना मनाकडे कसे पाहावे

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेली व्यक्ती पाच-सहा महिन्यांनी चाचणीसाठी येते, तेव्हा सीटी स्कॅन बहुधा निर्दोष असतो आणि विसरभोळेपणाची तक्रार मात्र तीव्र असते. अशा वेळी आधी अपघाताच्या दिवसाची कागदपत्रे वाचावीत. ग्लासगो कोमा स्केलवर (शुद्धीची पातळी मोजणारी गुणपद्धत) १३ ते १५ गुण, ३० मिनिटांपर्यंतची बेशुद्धी आणि अपघातानंतरचा न आठवणारा काळ २४ तासांहून कमी, असे असेल तर इजा सौम्य धरली जाते. या इजेनंतर बहुतेक प्रौढांची चाचणीतील कामगिरी काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत पूर्ववत होते. म्हणूनच सहाव्या महिन्यात आलेले कमी गुण थेट मेंदूच्या इजेच्या खात्यावर मांडू नयेत.

मुलाखत घाईने उरकू नये. काल रात्री झोप किती लागली, आत्ता डोके दुखते आहे का, झोपेच्या किंवा वेदनेच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे चाचणीच्या दिवशीच विचारावे, कारण यांतील प्रत्येक गोष्टीने लक्ष आणि वेग मंदावू शकतो. पीएचक्यू-९ या नैराश्याची लक्षणे मोजणाऱ्या प्रश्नावलीत २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले, तर नैराश्याची सविस्तर तपासणी करावी. हॉर्न वाजताच दचकणे, अपघाताची स्वप्ने पडणे, तो रस्ता टाळणे यांचीही चौकशी करावी. सतत धोक्याच्या चाहुलीवर असलेल्या मनात अंक धरून ठेवायला जागा उरत नाही.

सर्वात दुर्लक्षित राहते ती अपेक्षा. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूर आणि गनस्टॅड यांच्या अभ्यासात, पूर्वी डोक्याला सौम्य मार लागलेल्या ज्या विद्यार्थ्यांना ‘त्या इजेमुळेच तुम्हाला निवडले आहे’ असे सांगितले गेले, त्यांनी ते न सांगितलेल्यांपेक्षा काही चाचण्यांत कमी गुण मिळवले. त्यामुळे सुरुवातीचे वाक्य जपून निवडावे: “आज आपण तुमचे लक्ष, वेग आणि स्मरण कसे चालते ते पाहू. काही प्रश्न सर्वांनाच अवघड जातात. जमेल तेवढा पूर्ण प्रयत्न करा आणि थकवा आला तर सांगा.” दारातच “हिच्या हल्ली काही म्हणजे काही लक्षात राहत नाही हो” असे म्हणणाऱ्या पतीचे म्हणणे स्वतंत्रपणे जरूर ऐकावे, परंतु चाचणीच्या वेळी त्यांना नम्रपणे बाहेर बसवावे. शिवाय अपघातापूर्वीचे दिवस होते त्याहून चांगले आठवतात, म्हणून “पूर्वी स्मरणशक्ती कशी होती?” असे मोघम न विचारता, गॅसवरचे दूध उतू जाणे किंवा किल्ल्या न सापडणे पूर्वी किती वेळा व्हायचे, असे नेमके विचारावे.

चाचणीबाहेरचे वागणेही टिपून ठेवावे. तीन अंक उलट क्रमाने सांगताना जिच्या तळहाताला घाम फुटतो, तीच स्त्री चहाच्या सुटीत कोणती लोकल किती वाजता, कोणत्या फलाटावर येते हे न अडखळता सांगते. हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. परीक्षा देत असल्याच्या भावनेने काय होते, हे त्यातून दिसते.

प्रयत्नांची पडताळणी करणारी चाचणी मात्र प्रत्येक वेळी घ्यावी. दोन पर्यायांच्या चाचणीत निव्वळ अंदाजानेही निम्मी उत्तरे बरोबर येतात, म्हणून त्याहून लक्षणीयरीत्या कमी गुण आले तर योग्य उत्तर माहीत असून टाळल्याची दाट शक्यता असते. इतका टोकाचा निकाल क्वचितच येतो. एरवी निकष न गाठणे म्हणजे बाकीचे गुण वाचण्याजोगे नाहीत, एवढाच अर्थ घ्यावा. ‘ढोंग’ हा शब्द अहवालात लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा दावा चालू असेल तर तेही सरळ विचारून नोंदवावे, पण तेवढ्यावरून संशय घेऊ नये, कारण दावा असणाऱ्यालाही खरा त्रास असू शकतो.

नैराश्य किंवा निद्रानाश ठळक असेल, तर आधी त्यावर उपचार सुचवावेत आणि काही महिन्यांनी फेरचाचणी घ्यावी. तेव्हा स्मरणचाचणीतील शब्दयादी वेगळी वापरावी, नाहीतर सरावाने वाढलेले गुण सुधारणा म्हणून वाचले जातात.