‘कोणालाही गरज असेल तर सांगा’ हे वाक्य मी आठ महिने बोललो

मी वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. रेफरल ग्रुपला, म्हणजे जिथे वेगवेगळ्या धंद्यातले लोक एकमेकांना ओळखीतून कामं मिळवून देतात तिथे, जॉइन झालो त्याला आता तीन वर्षं होतील. फॉरमॅट तुम्हाला माहीतच असेल, दर आठवड्याला मीटिंग, एका धंद्याचा एकच मेंबर, आळीपाळीने उभं राहून ओळख द्यायची, ग्रुप मोठा असेल तर तीस-चाळीस सेकंदं, लहान असेल तर मिनिटभर. पहिल्या आठ महिन्यांत मला दोन रेफरल मिळाले आणि त्यातलं एक पाण्याची टाकी साफ करायचं होतं, जे काम मी करतच नाही. फी भरलेली, दर आठवड्याची सकाळ जातेय, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला प्रत्येक वेळी तीन-तीन रेफरल मिळतायत हे बघत बसायचं. नवीन लोकांनी तरी यातून जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

माझी तेव्हाची ओळख अशी होती: "आम्ही टेरेस, बाथरूम, बेसमेंट, पाण्याची टाकी, बाहेरच्या भिंती, इंजेक्शन ग्राउटिंग, सगळ्या प्रकारचं वॉटरप्रूफिंग करतो. क्वालिटीत तडजोड नाही. कोणालाही गरज असेल तर नक्की सांगा." मला वाटायचं की जितकी कामं सांगू तितकं जाळं मोठं, काहीतरी अडकेलच. टाळ्या पडायच्या, मी बसायचो, आणि काही घडायचं नाही.

खोट त्या ‘कोणालाही’ शब्दात होती. इथे जरा सावकाश वाचा कारण बाकी सगळं यातूनच निघतं. तुम्ही कोणाला विचारलंत की तुझ्या ओळखीत कोणाला वॉटरप्रूफिंगची गरज आहे का, तर तो प्रामाणिकपणे विचार करतो आणि नाही म्हणतो. त्याच माणसाला विचारा, तुझ्या ओळखीत कोणी वर्ष-दोन वर्षांत घराला रंग दिलाय आणि आता वैतागलाय का, की लगेच त्याच्या डोळ्यासमोर दोन चेहरे येतात, मेव्हणा किंवा ऑफिसातला कोणीतरी. ‘कोणीही’ला चेहरा नसतो, रंग देऊन वैतागलेल्या माणसाला असतो. आणि यादीतलं काय कोणाच्या लक्षात राहील ते आपल्या हातात नसतं. माझ्या यादीतली नेमकी ‘टाकी’ एकाच्या लक्षात राहिली आणि त्याने मनापासून मदत करायची म्हणून सफाईचं काम पाठवलं. चूक त्याची नव्हतीच.

दुसरी गोष्ट याच्याच पोटातली. समोर बसलेले लोक तुमचे गिऱ्हाईक नाहीत. ते येत्या आठवड्यात दहा-वीस लोकांना भेटणार आहेत, कोणाच्या घरी बसणार आहेत, आणि तिथे कोणीतरी एक वाक्य बोलणार आहे. "अहो मागच्याच वर्षी रंग दिला, परत पोपडे आले." तुमच्या तीस सेकंदांचं काम एवढंच, की ते वाक्य कानावर पडल्यावर त्याला तुम्ही आठवायला हवेत. लोक ‘मला वॉटरप्रूफिंग हवंय’ असं कधीच बोलत नाहीत, ते पोपडे, वास, डाग, वरच्या मजल्यावाल्यांशी झालेलं भांडण असं बोलतात. तुमच्या धंद्यात गिऱ्हाईक तुम्हाला शोधायच्या आधी काय बोलतं ते आठवून लिहून काढा. इन्शुरन्सवाला असाल तर "बाळ झालं", "कर्ज घेतलं", अकाउंटंट असाल तर "नोटीस आलीय, कळत नाहीये काय करायचं". यातलं एक वाक्य एका आठवड्याला, एकच, उरलेली पुढच्या आठवड्यांना. बाकीची कामं वाया जातील अशी भीती वाटते, मलाही वाटली होती, पण वर्षात पन्नासेक मीटिंगा असतात, सगळ्यांची पाळी येते.

मला हे कळलं एका छपाईचा धंदा करणाऱ्या जुन्या मेंबरमुळे. मीटिंग संपल्यावर ते म्हणाले, "तुम्ही काय करता ते मला पहिल्याच दिवशी कळलं. मी कोणाला गाठू ते आठ महिन्यांत कळलं नाही." बस्स. मेंटर असाच असावा असं माझं ठाम मत आहे, एक प्रश्न विचारून गप्प बसणारा. जे लोक पैसे घेऊन तयार स्क्रिप्ट देतात, यमक जुळवलेली टॅगलाईन देतात, त्यांच्या नादी लागू नका. मीही एक टॅगलाईन घेतली होती, लोकांना ती पाठ झाली, मी भेटलो की म्हणून दाखवायचे, काम एकही आलं नाही. एआयकडून लिहून घेतलेली ओळख तर लगेच कळते, त्यात क्वालिटी असते, विश्वास असतो, गिऱ्हाईक कुठेच नसतं.

क्वालिटीचं वाक्य तर काढूनच टाका. एका धंद्याचा एकच माणूस ही पद्धत जुनी आहे, पॉल हॅरिसनी १९०५ मध्ये शिकागोत रोटरी सुरू केली तेव्हाही होती आणि इव्हान मिस्नरनी १९८५ मध्ये बीएनआय हा रेफरल ग्रुप सुरू केला तिथेही तीच. म्हणजे खोलीत तुमचा स्पर्धक नाहीये, मग मी इतरांपेक्षा चांगला हे कोणाला पटवताय? ती सहा सेकंदं मागणीला द्या, म्हणजे तुम्हाला कोणता माणूस गाठून हवाय ते सांगायला.

आता मी साधारण असं बोलतो: "नमस्कार, मी अमुक, गळती थांबवतो. मागच्या आठवड्यात एका घरी गेलो, दोन वर्षांत तीनदा रंग दिलेली भिंत, तरी पोपडे. रंगाचा दोष नव्हता, भिंतीपलीकडे बाथरूम होतं. या आठवड्यात कोणी म्हणालं की रंग टिकत नाही, तर एकच विचारा, पलीकडे पाणी आहे का? हो म्हणाले तर माझा फोन येईल एवढं सांगून ठेवा. मी अमुक, गळती थांबवतो." मोजलंत तर पन्नासच्या आतबाहेर शब्द आहेत, माझ्या वेगाने तीस सेकंदं. ‘माझा फोन येईल सांगून ठेवा’ हे मुद्दाम आहे, कारण नुसता नंबर मिळाला तर तो कोल्ड कॉलच, म्हणजे अनोळखी माणसाला अचानक केलेला फोन, समोरचा माणूस फोनची वाट बघत असेल तर ते रेफरल.

नाव दोनदा का? १९८७ च्या एका प्रयोगात दिसलं होतं की तोच शब्द धंदा म्हणून सांगितला तर लोकांच्या लक्षात राहतो, आडनाव म्हणून सांगितला तर निसटतो. म्हणजे ‘हे सुतारकाम करतात’ राहील, ‘हे सुतार’ जाईल. त्यामुळे नाव विसरले म्हणून वाईट वाटून घेऊ नका, काम लक्षात राहिलं तर नाव मेंबरांच्या यादीत सापडतं.

आणि कुठे बसता ते बघा, हे कोणी सांगत नाही. ज्याची पाळी आता येणार असते त्याला आपल्या लगेच आधीच्या माणसाचं बोलणं नीट आठवत नाही, माल्कम ब्रेनरनी १९७३ मध्ये हे दाखवलं होतं. मी कितीतरी महिने पेंटरच्या शेजारी बसत होतो, माझ्यानंतर लगेच त्याची पाळी, म्हणजे ज्याने माझं ऐकायला हवं होतं तोच मनात स्वतःची वाक्यं घोळवत असणार. ज्यांच्याकडून काम येऊ शकतं त्यांच्यापासून चार खुर्च्या लांब बसा. आणि स्वतःची ओळख कागदावर लिहून ठेवा म्हणजे तुमच्या आधीच्याचं तुम्हाला ऐकू येईल, तुम्ही त्यांचं ऐकलं नाहीत तर तुम्ही त्यांना काय देणार.

कागद बघून बोललं तर चालतं, खरंच चालतं. हात थरथरतात, आवाज बसतो, पहिले दोन-तीन महिने होतंच, त्यामुळे कोणी रेफरल अडवत नाही. पण वेळ संपून बेल वाजली आणि तुम्ही मागणीपर्यंत पोचलाच नाहीत तर मात्र तो आठवडा गेला, म्हणून घरी घड्याळ लावून पाच सेकंदं कमीत बसवा.

मीटिंग संपल्यावर कोणातरी एकाला गाठून विचारा, मी आज काय मागितलं? "वॉटरप्रूफिंग" असं उत्तर आलं तर जमलं नाही, "रंग टिकत नाही असा माणूस" आलं तर जमलं. मी अजूनही दर आठवड्याला विचारतो, आणि अजूनही चारात एकदा तरी उत्तर नुसतं "वॉटरप्रूफिंग" येतं, मग घरी येऊन ते वाक्य परत लिहायला घेतो.