कठीण दिवसांत उपकारस्तुती कशी शिकायची

घरात आजारपण आहे, नोकरी गेलीय, हप्ते थकलेत आणि अशात कोणी येऊन म्हणतं "देवाचे आभार माना, सगळं ठीक होईल", तेव्हा आभार सोडाच, दार लावून घ्यावंसं वाटतं. सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आल्यापासून आमच्या नगरच्या घरी अशी बरीच माणसं येऊन गेली, सगळी प्रेमानेच आलेली, पण आभार मानायचे, ज्याला आम्ही उपकारस्तुती म्हणतो, म्हणजे नक्की करायचं काय हे कोणी सांगितलं नाही. बायबलमधला प्रेषित पौल फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती लोकांना, पत्र लिहिताना तुरुंगात होता आणि तिथून तो म्हणतो की कोणत्याही परिस्थितीत समाधानी राहायला मी शिकलोय. म्हणजे त्यालासुद्धा हे आपोआप जमलेलं नव्हतं, मग आपल्याला वेळ लागला तर त्यात काय. मला जे उपयोगी पडलं ते सांगते.

सुरुवात आभारापासून करूच नका, तक्रारीपासून करा. बायबलच्या स्तोत्रसंहितेत, म्हणजे प्रार्थनागीतांच्या पुस्तकात, 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी चक्क रडणारी, देवाशी भांडणारी आहेत. 13वं स्तोत्र काढून बघा, दावीद राजा पहिल्याच वचनात देवाला विचारतो, कुठवर? मला कायमचा विसरणार का? आणि तेच छोटंसं स्तोत्र संपता संपता तो गायला लागतो. 88वं मात्र तसंही नाही, ते अंधारातच संपतं, शेवटपर्यंत उजेड नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे. मला याचा फार आधार वाटतो. तर दार लावा, मोबाईल बाहेर ठेवा आणि मोठ्याने बोला, रोज घरात बोलतो त्याच भाषेत, "हे दयाळू स्वर्गीय पित्या"नंतर जे पाठ झालेलं आपोआप तोंडात येतं ते नको. फिजिओथेरपीचे पैसे कुठून आणू, रात्रीची झोप नाही, नणंद फोनवरून फक्त सल्ले देते, जे असेल ते सगळं. हे न करता थेट आभारावर गेलं की ते वरवरचं राहतं, आणि आतला राग तसाच साठत राहतो, मग तो कुकरच्या शिट्टीवर नाहीतर पोरांवर निघतो.

मग एक वही घ्या, नवीन आणायची गरज नाही, मी औषधांच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानापासून लिहायला लागले. त्यात रात्री एकच गोष्ट लिहायची, पण ती बारीक पाहिजे. "कुटुंबाबद्दल, आरोग्याबद्दल, अन्नाबद्दल आभार" असं लिहिलं की दोन दिवसांत कंटाळा येतो कारण त्यात आजचं काहीच नसतं. आज काय झालं ते लिहा. आमच्याकडे एका सकाळी आईंना, म्हणजे सासूबाईंना, स्टीलच्या पेल्यात चहा दिला, त्या नेहमीसारखा डाव्या हाताने पेला धरायला गेल्या आणि उजवा हात मांडीवरून हळूहळू वर आला, बोटं पेल्याला नुसती टेकली, पकड वगैरे काही नाही, चहा थोडा पदरावर सांडला, त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वहीत मी एवढंच लिहिलं, "आईंची उजवी बोटं पेल्याला लागली." बास. वाईट दिवशीपण काहीतरी सापडतं, गोळी न थुंकता घेतली, चादर उन्हात वाळली, असलंच काहीतरी, फक्त शोधायची सवय लागायला वेळ जातो.

लिहिल्यावर खाली एक नाव टाका, हे कोणामुळे झालं. माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. नळाला पाणी रोज येत नाही, पण टाकी भरलेली असते कारण शेजारच्या काकू आठवणीने आमची मोटर लावतात. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाले पण येशूकडे परत आला एकच, तोही शोमरोनी, परका मानलेला. बाकीचे नऊ काही वाईट नव्हते, ते फक्त पुढे निघून गेले, आपणही असेच निघून जातो. तर वहीतलं नाव वहीतच ठेवू नका. काकूंना जाऊन सांगा, वॉर्डातल्या मावशींना सांगा, व्हॉट्सॲपवर हात जोडलेला इमोजी टाकून मोकळं होऊ नका, एक नीट वाक्य बोला की तुम्ही अमुक केलंत आणि त्यामुळे मला तमुक जमलं.

आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जे आधीपासून आहे तेही नीट वापरा. प्रभूभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, वेळी पाळकसाहेब वाचतात की ज्या रात्री येशूला धरून दिलं त्याच रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती केली. मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण आजारपण घरात आल्यावर ते कानात वेगळंच शिरलं, ती रात्र कसली होती आणि तो काय करत होता! आजार चांगला आहे असं मानून आभार मानायचे नसतात, निदान मी तरी तसं मानत नाही, आजार वाईटच आहे. त्यात जी भाकर हातात आहे तिच्याबद्दल बोलायचं. कापणीच्या सणाला ज्याला धान्य जमतं तो धान्य आणतो, कोणी मेथीच्या जुड्या, कोणी अंडी, मग लिलाव होतो. हातात पैसे नसतील त्या वर्षीही काहीतरी न्याच, परसातला कढीपत्ता न्या.

आणि पंडिता रमाबाई आठवा. 1870च्या दशकातल्या उपासमारीत त्यांचे आईवडील गेले, बहीण गेली, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवराही गेला. 1896-97च्या दुष्काळात त्याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं राहिलं. आपण काही रमाबाई नाही, पण स्वतःच्या दुःखातून दुसऱ्याचं दुःख ओळखू येतं, ते वाया घालवू नका. दवाखान्यात बाजूच्या बेडवर नवीन पेशंट आला की कॅन्टीन कुठे, स्वस्त मेडिकल कुठे, रात्री नातेवाईकाला झोपायला कुठे देतात, एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

काही दिवस यातलं काहीच जमणार नाही. तेव्हा वही उघडू नका, मंडळीतल्या कोणालातरी सांगा की आज माझ्या वाटची प्रार्थना तू कर. यात कमीपणा नाही.

आणि तुम्ही भेटायला जाणारे असाल तर वचन सांगायची घाई करू नका. डबा न्या, तासभर पेशंटजवळ बसा म्हणजे घरची बाई अंघोळ करून घेईल, आणि निघताना प्रार्थना करू का असं विचारा, हो म्हणाले तर कशासाठी करू तेही त्यांनाच विचारा.