संत्र्याची कलमं सांगायच्या आधी वावरात खड्डा खणा

काटोल रोडला आमची नागपुरी संत्र्याची रोपवाटिका आहे. गिऱ्हाईक आलं की बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच: "काकू, वावर एकदम काळंभोर हाय, चारशे कलमं लागतील." माझा प्रश्नही एकच: तीन फुटांखाली काय आहे? तिथे बरेच जण गप्प होतात. झाड वीस-पंचवीस वर्षं उभं राहणार आणि आपण वरच्या चार बोटांचा रंग पाहून जमीन पसंत करणार, हे मला कधी पटलेलं नाही. म्हणून खड्डा कसा खणायचा आणि त्यात काय पाहायचं, ते इथे एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

काळा रंग म्हणजे कस, हा समज आधी सोडा. आपल्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब पुष्कळदा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच निघतो. थोडासाच सेंद्रिय पदार्थ चिकणमातीच्या बारीक कणांना असा घट्ट धरून बसतो की सगळी माती काळी दिसते. खरी गोष्ट त्या कणांची आहे. ही चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच वावरात पाय निघत नाही, ते त्यामुळेच.

आपलं नागपूर शहर दख्खनच्या काळ्या खडकाच्या पूर्वेकडच्या कडेवर बसलं आहे. सीताबर्डीची टेकडी त्याच बेसाल्टची. पश्चिमेला काटोल, कळमेश्वर, हिंगणा इकडे तोच खडक झिजून माती झाली. पूर्वेला रामटेक-भंडाऱ्याकडे निघालात की खडक बदलतो, माती पिवळसर-तांबूस होत जाते आणि धानाच्या बांध्या लागतात. पण एकाच गावाच्या शिवारातही माती एकसारखी नसते. टेकाडावर बर्डी, उताराला खरडी, त्याखाली मोरंड आणि नाल्याकाठी काळी, ही आपल्याकडची जुनी नावं म्हाताऱ्या शेतकऱ्यांना अजून पाठ आहेत. उतारावरून शेकडो वर्षं धुऊन आलेली बारीक माती खाली साचते, म्हणून नाल्याकाठचं वावर खोल आणि वरचं उथळ. तुमचं वावर या उतारावर नेमकं कुठे आहे, ते धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून आधी पाहून घ्या. संत्र्यासाठी माझी पसंती मोरंडीला. नाल्याकाठची खोल काळी लोकांना फार आवडते, मला तिची धास्ती वाटते.

अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आहे. १९७६ पासूनची ही संस्था, आणि देशभराच्या मातीचे नकाशे तिथे झाले. राज्याचा नकाशा १:२,५०,००० या प्रमाणाचा, म्हणजे कागदावरचा एक चौरस सेंटिमीटर जमिनीवर सव्वासहा चौरस किलोमीटर. एकरांत दीड हजारांच्या वर. तालुक्याचं नियोजन करायला तो उत्तम, पण तुमच्या पाच एकरांसाठी कुदळच लागणार.

खणायची वेळ मार्गशीर्ष-पौषातली. तेव्हा खालच्या थरातही थोडा वाफसा (खणण्याजोगी ओल) असतो. मे महिन्यात काळी माती सब्बलीलाही दाद देत नाही आणि श्रावणात खणलं तर चिखलाशिवाय काही दिसत नाही. जागा निवडताना धुरा, उकिरड्याची जागा, झाडाची सावली, बंडीची वाट हे सगळं टाळा. वावराला उतार असेल तर वर एक आणि खाली एक असे दोन खड्डे तरी घ्याच. लांबी पाच फूट, रुंदी तीन, खोली चार फूट. त्याआधी मुरूम लागला तर मुरमात आणखी अर्धा फूट जाऊन थांबा. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून वाचायची भिंत उत्तरेची ठेवा, तिच्यावर उजेड चांगला पडतो. त्या बाजूला माती टाकू नका. वरच्या फुटाची माती एका ढिगात, खालची दुसऱ्या ढिगात. एका बाजूने पायऱ्या काढा, आणि खड्डा उघडा राहणार असेल तेवढे दिवस भोवती काट्या लावा.

आता भिंत वाचायची. फावड्याने कापलेली भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते, तिच्यात काही कळत नाही. खुरपीच्या टोकाने वरून खाली हळूहळू माती उकरत या, ढेकळं आपल्या सांध्यात सुटू द्या. मग एक साधी सुरी घ्या आणि दर दोन बोटांवर एकसारख्या जोराने टोचत खाली जा. सात-आठ इंचांवर सुरी अडली आणि त्याच्याखाली पुन्हा सहज गेली, तर तो ट्रॅक्टरने वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगरून केलेला कडक थर. तिथल्या मुळ्या पाहा. तुरीचं धसकट सापडलं तर त्याची मुळी त्या थरावर येऊन आडवी वळलेली दिसेल. आजकाल बऱ्याच वावरांत हे भेटतं. कलमं लावायच्या आधी उन्हाळ्यात, माती कोरडी असताना, तो थर खोल नांगराने फोडता येतो. ओल्यात फोडायला गेलात तर तो आणखी घट्ट होतो.

त्याखाली दीड-दोन फुटांवर भारी काळ्या जमिनीत एक गोष्ट दिसते ती मी प्रत्येकाला दाखवते. ढेकूळ हाताने फोडलं की तिरपी, पाचरीसारखी कड सुटते आणि तिचा पृष्ठभाग तेल लावल्यासारखा चकचकीत असतो, वर बारीक ओरखडे. खालची माती फुगताना एकमेकांवर घासत सरकते, त्याच्या या खुणा. अशी चकाकी ठळक आणि भरपूर असेल तर ओळखा की ही जमीन दर वर्षी हलते. अशा जमिनीत आकसताना बारीक मुळ्या तुटतात आणि पावसाळ्यात त्याच मुळ्यांना हवा मिळत नाही.

पुढे चुनखडी. तूरडाळीपासून बोरापर्यंत आकाराचे पांढुरके खडे किती खोलीवर सुरू होतात ते टेपने मोजा. मग बाथरूम धुवायचं ॲसिड घ्या, काचेच्या भांड्यात तीन भाग पाण्यात एक भाग ॲसिड ओता (ॲसिडवर पाणी नाही, पाण्यात ॲसिड, हातमोजे आणि चष्मा हवाच) आणि दर अर्ध्या फुटावर मातीच्या चिमटीवर दोन थेंब टाका. खड्यांवर टाकू नका, ते फसफसणारच. खड्यांमधली बारीक माती फसफसते का ते पाहायचं. नुसता कान लावल्यावर आवाज आला तर चुना थोडा. डोळ्यांदेखत फेस उसळला तर भरपूर. चुना जास्त असला की मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. नवी पालवी पिवळी पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक मग बुडाशी हिराकस (लोहाचं खत) टाकतात आणि तो त्या चुन्यात अडकून बसतो. पानांवर फवारलं तर तात्पुरता उपाय होतो, चिलेटेड (चुन्यात सहज न अडकणारं) लोहही चालतं, पण पहिल्या दीड फुटातच माती उसळणारी असेल तर दर वर्षीचा हा खर्च आधी हिशेबात धरा.

सगळ्यात खाली काय लागलं, यावर माझा निर्णय अर्धा ठरतो. तीन-साडेतीन फुटांवर भुसभुशीत, हाताने चुरडणारा तपकिरी मुरूम निघाला तर तुम्ही नशीबवान. पाणी खाली उतरतं, मुळ्याही त्यात शिरतात. दीड फुटावरच कडक खडक लागला तर बाग आयुष्यभर पाण्यावर जगवावी लागेल. आणि चार फुटांपर्यंत नुसती चिकट काळी, खाली करडा-निळसर रंग, गंजासारखे ठिपके, कुबट वास, तर तिथे पाणी महिनोन्‌महिने थांबतं. त्या जागी मी कलम देत नाही.

डोळ्यांवर विश्वास नसेल तर पाण्याने तपासा. खड्ड्याच्या तळाशी फूटभर खोल छोटं भोक करा आणि संध्याकाळी भरा. पहिलं पाणी कोरडी माती आणि भेगा गटागटा पितात, त्यावरून "निचरा मस्त आहे" म्हणू नका. सकाळी पुन्हा भरा. हे दुसरं पाणी दुसऱ्या दिवशीही निम्मंअधिक उभं असलं तर निचरा नाही. श्रावणात, झड लागून गेल्यावर, खड्ड्यात पाणी किती दिवस राहतं तेही वरूनच पाहा. ओला खड्डा कधी ढासळेल सांगता येत नाही, आत उतरू नका.

निचऱ्यासाठी एवढा जीव टाकायचं कारण डिंक्या रोग. त्याची बुरशी साचलेल्या पाण्यावर पोसते, बुडातून डिंक ओघळतो, साल कुजते आणि मुळ्या सडतात. दुसरं कारण बहाराचं. आंबिया बहाराची फुलं यावीत म्हणून डिसेंबर-जानेवारीत झाडाचं पाणी तोडून ताण द्यावा लागतो. खोल काळी माती पाणी इतकं धरून ठेवते की तुम्ही पाणी तोडलं तरी झाडाला ताण बसतच नाही आणि फूल येत नाही. शेजाऱ्याच्या मोरंडीत बहार फुटलेला, आपल्याकडे नुसती पालवी! मग औषधवाल्याच्या दुकानात फेऱ्या सुरू होतात.

हाताची परीक्षा दोन मिनिटांची. प्रत्येक थराची मूठभर माती भिजवून मळा, खडे काढा, अंगठा आणि बोटामध्ये दाबत पट्टी बाहेर काढा. इंचभर होण्याआधी तुटली तर पोयटा, एक ते दोन इंच गेली तर मध्यम, दोन इंचांच्या पुढे लोंबत राहिली तर भारी.

त्याहून महत्त्वाची परीक्षा ढेकळाची. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या, त्यात बोराएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. काळं ढेकूळ फुटून त्याची कणी होईल, त्याला घाबरू नका, तो तिचा स्वभाव आहे. पण दोनेक तासांनी कणीभोवतीचं पाणी गढूळ, दुधाळ होऊन तसंच राहिलं तर माती चोपण व्हायला लागली आहे, म्हणजे सोडियम वाढलंय. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं दिलेल्या वावरात हे विशेष तपासा, आणि पाण्याचीही तपासणी करून घ्या. सोडियम घालवायला जिप्सम टाकायचं ते अहवाल आल्यावरच. धुऱ्यावरच्या गवताखालचं एक ढेकूळही बाजूच्या ग्लासात सोडून बघा. बहुतेक वेळा ते जास्त वेळ टिकतं, कारण तिथे नांगर गेलेला नाही आणि गवताच्या मुळ्यांनी माती बांधून ठेवली आहे. बागेत दोन ओळींमध्ये गवत कापून तिथेच पसरावं असं मी म्हणते ते त्या ग्लासाकडे पाहूनच. तण म्हणून सगळं जाळून वावर बोडकं करणारे मला आवडत नाहीत.

प्रयोगशाळेत नमुना द्यायचाच. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते आणि तिच्यात १२ गोष्टी असतात: सामू (pH), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. त्यात चुना नाही, आणि नमुना वरच्या थराचा. संत्र्यासाठी पहिला, दुसरा, तिसरा फूट अशा तीन वेगळ्या पिशव्या करा आणि मुक्त चुना वेगळा तपासून मागा. माती सावलीत वाळवा, खताच्या रिकाम्या पोत्यात भरू नका, चिठ्ठीवर गट नंबर आणि खोली लिहा. सामू साडेसहा ते साडेसात आला तर उत्तम. आपल्याकडे आठच्या आसपास पुष्कळदा येतो, त्याने लगेच हताश होऊ नका, चुन्याचा आकडा सोबत पाहा.

तलावाच्या गाळाबद्दल मला सतत विचारतात. २०१७ मध्ये सरकारने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आणली. बर्डी-खरडी वावराला गाळ म्हणजे सोनं, खुशाल टाका. काळ्या भारी वावरात गाळ टाकणं म्हणजे चिकणमातीवर आणखी चिकणमाती.

खड्डा वाचून जमीन मध्यम निघाली, मनात थोडी शंका राहिली, तरी लावता येतं. कलमं उंच गादीवर लावा, दर दोन ओळींनंतर उताराच्या दिशेने फूटभर खोल चर काढा आणि त्याचं पाणी शेजाऱ्याच्या वावरात नाही, नाल्यात जाईल असं करा. डोळा बांधलेली जागा (कलमाचा जोड) जमिनीच्या वर चांगली वीतभर राहू द्या. पाणी दुहेरी आळ्याने (बुडाभोवती दोन आळी, पाणी बाहेरच्यात), बुडाला न लागता. भारी जमिनीत मोठे खोल खड्डे करून त्यात रेती आणि शेणखत भरायची पद्धत मात्र बंद करा. चारही बाजूंनी चिकणमाती असते, पाणी आत येतं आणि जायला जागा नसते, म्हणजे प्रत्येक झाडाखाली एक टाकी. तिथे लहान खड्डा आणि वर मातीचा उंचवटा बरा.

खड्ड्याने नाहीच म्हटलं तर तिथे तूर, पऱ्हाटी (कापूस), सोयाबीन चालू ठेवा, सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर. संत्र्यासाठी वरचा, मुरमाकडचा तुकडा बघा, तोही खणून.

पाहून झालं की जून लागायच्या आत खड्डा बुजवा, श्रावणातलं पाणी पाहायचं असेल तर ते पाहून झाल्यावर. खालच्या ढिगाची माती आधी, वरच्या फुटाची शेवटी, थोडी उंचच ठेवा, पहिल्या पावसात ती बसते.