लोकलचा इतिहास बघायचाय? एक दिवसाचं तिकीट काढा आणि निघा

आधी दिवस ठरवा. रविवार शक्यतो नकोच, कारण मेगाब्लॉक हार्बरवर पडला की अर्धा प्लॅन तिथेच बोंबलतो. शनिवारी सकाळची गर्दी ओसरली की निघा. खिडकीवर एक दिवसाचं टुरिस्ट तिकीट मागा, सेंट्रल, वेस्टर्न, हार्बर सगळीकडे चालतं, दर वेळी उतरून परत लाइन लावायला नको.

सुरुवात सीएसएमटीला. लगेच आत पळू नका, समोरच्या फुटपाथवरून बिल्डिंग बघा. दर्शनी भिंतीवर जीआयपी रेल्वेच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, ही लाइन टाकणारी कंपनी) डायरेक्टर लोकांचे चेहरे कोरलेत, त्यात नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय शोधून काढा. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून (सीएसएमटीच्या आधीचं इथलं जुनं स्टेशन) ठाण्याला पहिली गाडी सुटली त्यामागे या दोघांची मोठी खटपट होती, आणि तरी लोक 'रेल्वे इंग्रजांनी दिली' एवढ्यावर विषय संपवतात ते मला अजिबात पटत नाही.

आता आत जा, पण पहिली लोकल सोडून द्या आणि गाडी लागताना नीट बघा. मोटरमन उतरतो आणि त्याच गाडीला दुसऱ्या टोकाकडून परत निघायला काही मिनिटं पुरतात. वाफेच्या इंजिनाच्या काळात इंजिन सोडा, फिरवा, दुसऱ्या बाजूला आणून जोडा असा सगळा घोळ असायचा. दोन्ही टोकांना केबिन असलेली विजेची गाडी आली म्हणून थोड्या थोड्या मिनिटांनी लोकल सोडणं जमायला लागलं, माझ्या मते मुंबई खरी बदलली ती इथे.

ही पहिली विजेची लोकल 3 फेब्रुवारी 1925 ला धावली, व्हीटी (म्हणजे आत्ताचं सीएसएमटी) ते कुर्ला, हार्बर लाइनने. म्हणून तुम्हीही कुर्ल्याला हार्बरनेच जा, मेनने नाही! मध्ये सँडहर्स्ट रोडला उतरा, हार्बरचा प्लॅटफॉर्म वर आणि मेन लाइन खाली, एकाच स्टेशनात दोन मजले. जाता जाता जुने रूळ उभे करून केलेले खांब कुठे दिसले तर बाजूला उठावाची अक्षरं आहेत का बघा, कारखान्याचं नाव आणि साल रंगाखालीसुद्धा वाचता येतं बऱ्याचदा.

कुर्ल्याहून स्लो पकडून ठाणे. तिथे बघण्यासारखं जुनं फार काही उरलेलं नाही, चहा घ्या आणि परतीची फास्ट पकडून भायखळ्याला उतरा. इथली इमारत 1857 ची, अजून वापरात आहे, आणि डागडुजी इतकी मनापासून केलीये की 2022 ला युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. लाकूडकाम आणि लोखंडी खांब वेळ काढून बघा.

मग दादरला बदलून वेस्टर्न. या लाइनवर विजेची लोकल 5 जानेवारी 1928 ला आली, कुलाबा ते बोरिवली. हो, कुलाबा! तेव्हा गाड्या चर्चगेटच्या पुढे जायच्या, 1930 च्या शेवटी तो तुकडा बंद केला. चर्चगेटला उतरलात की समोर वेस्टर्नचं मुख्यालय आहे, 1899 चं, सीएसएमटीची बिल्डिंग काढणाऱ्या आर्किटेक्ट स्टीव्हन्सचंच डिझाइन. पायात दम असेल तर तसेच बधवार पार्कपर्यंत चालत जा. आज तिथे रेल्वे कॉलनी आहे, कुलाबा स्टेशन तिथेच होतं.