एफईएस पेट स्कॅन करायचाय? आधी औषधांची यादी काढा

ब्रेस्ट कॅन्सर परत आलाय किंवा पसरलाय आणि डॉक्टरांनी एफईएस पेट स्कॅन सांगितलाय, तर आधी एवढं समजून घ्या की हा नेहमीचा पेट स्कॅन नाही. नेहमीच्यात (एफडीजी स्कॅनमध्ये) ग्लुकोजसारखं औषध देतात, गाठ साखर किती ओढते ते दिसतं. इथे इस्ट्रोजेनसारख्याच रेणूला किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ जोडलेलं असतं आणि तो रेणू (हाच ट्रेसर, त्याचं नाव एफईएस) जाऊन इस्ट्रोजेन रिसेप्टरला, म्हणजे पेशीतल्या इस्ट्रोजेन हार्मोन पकडणाऱ्या जागेला चिकटतो, म्हणजे हार्मोनची औषधं जिथे काम करतात तीच जागा दिसते. बायोप्सी एखाद्याच गाठीची होते, पण हाडातली गाठ आणि फुप्फुसातली गाठ वेगळी वागू शकते, म्हणून याचा उपयोग. अमेरिकेत एफडीएने (औषधांना परवानगी देणारी तिथली सरकारी संस्था) २०२० मध्ये याला मान्यता दिली ती बायोप्सीच्या जोडीला, बायोप्सीऐवजी नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टॅमॉक्सिफेन आणि फुलवेस्ट्रंट ही औषधं रिसेप्टरवरच जाऊन बसतात. खुर्चीवर आधीच कुणी बसलं असेल तर ट्रेसर बसणार कुठे? मग गाठीत रिसेप्टर असूनही स्कॅन कोरा येतो आणि ट्रीटमेंटचा निर्णयच चुकू शकतो. टॅमॉक्सिफेनचा हा परिणाम शेवटच्या डोसनंतर ८ आठवड्यांपर्यंत राहू शकतो, फुलवेस्ट्रंटचा तर २८ आठवडे! लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल तशी अडवत नाहीत, ती शरीरात इस्ट्रोजेन बनणं कमी करतात. म्हणून कुठलं औषध, शेवटचा डोस कुठल्या तारखेला, हे कागदावर लिहून न्या. आणि प्लीज, स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका, ते ऑन्कोलॉजिस्टनाच ठरवू द्या.

त्या दिवशी उपाशी राहायची गरज नसते. पाणी भरपूर प्या, स्कॅनच्या आधी आणि नंतर काही तास वरचेवर लघवीला जाऊन या. प्रेग्नन्सीची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर इंजेक्शनच्या आधीच सांगा. इंजेक्शन शिरेतून एक-दोन मिनिटांत देऊन होतं, मग साधारण ८० मिनिटं थांबवतात. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होत जातं.

रिपोर्ट हातात आला की लिव्हर चमकताना बघून घाबरू नका, ट्रेसर तिथूनच बाहेर पडतो त्यामुळे तो सगळ्यांचाच चमकतो. पण याच कारणामुळे लिव्हरमधल्या गाठींबद्दल हा स्कॅन नीट सांगू शकत नाही. आतडी, मूत्राशय, गर्भाशयही दिसतात.

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरवाल्यांचा (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठी) डोटाटेट स्कॅन पण याच तत्त्वावर चालतो, फक्त तिथे सोमॅटोस्टॅटिन या दुसऱ्या हार्मोनचा रिसेप्टर आणि फ्लोरिन-१८ ऐवजी बहुतेक वेळा किरणोत्सर्गी गॅलियम-६८. त्याच रिसेप्टरवर बसणाऱ्या ऑक्ट्रिओटाइड औषधाचं महिन्याचं इंजेक्शन चालू असेल तर स्कॅन शक्यतो पुढच्या डोसच्या अगदी आधी घेतात, तेव्हा ती तारीख पण सांगाच.

आणि एफईएस कोरा आला तर "कॅन्सर नाही" असा अर्थ लावू नका. जुना एफडीजी स्कॅन शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारा, त्यात दिसलेली कुठली गाठ यात दिसत नाहीये?